दरबारातून परतलेला ग्रीक

(पवनी, जिल्हा भंडारा येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी वर्गात एक प्रश्न हमखास विचारत, असे त्यांचे इथे बसलेले विद्यार्थी सांगतात. मुलाने काही ठासून सांगितले की गुरुजी म्हणायचे, ‘हे तुला कोणी सांगितलं?’ उत्तर मिळाले की पुढे, ‘आणि त्याला कोणी सांगितलं?’ आज मी ज्या ग्रीक माणसाबद्दल बोलणार आहे त्याचे सारे आयुष्य अशाच प्रश्नांत गेले. त्याच्याविषयी आपल्याकडे जे मोठ्या हौसेने सांगितले जाते, त्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा.

त्याचे नाव पिऱ्हो. ग्रीक संशयवाद त्याच्याच नावाने ओळखला जातो. ग्रीसच्या दक्षिण भागात एलिस नावाचे नगर होते. ऑलिम्पिक खेळांचे यजमानपद याच एलिसकडे असे. तिथे इ. स. पूर्व ३६० च्या आसपास तो जन्मला आणि नव्वदीच्या घरात पोचून इ. स. पूर्व २७० च्या सुमारास गेला. सॉक्रेटिस मराठी माणसाला परका नाही. मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’ या नाटकात डॉ. श्रीराम लागूंनी तो रंगमंचावर उभा केला. अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणले. पिऱ्होच्या वाट्याला असे कोणी आले नाही. गंमत अशी की या तिघांपैकी भारताच्या मातीवर प्रत्यक्ष चालून गेलेला तेवढा एकटा पिऱ्हो.

आणि तो आला होता, एवढ्यावरून आपण फार मोठी इमारत उभी करतो. ‘ग्रीकांना संशयवाद बुद्धाने शिकवला’, ‘युरोपचे तत्त्वज्ञान आपल्या भिक्षूंकडून उचललेले’ अशी वाक्ये भाषणांतून आणि मोबाईलवरून फिरत असतात. पवनीत तर ती ऐकायला गोडच लागणार. ज्या गावाच्या टेकड्यांखाली स्तूप निघाले, त्या गावाला असा अभिमान शोभूनही दिसतो. मी त्या अभिमानाच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. पण पिऱ्होबद्दल बोलताना पिऱ्होचीच कसोटी बाजूला ठेवली, तर व्याख्यान देण्यात अर्थ काय?

आधी माणूस पाहू. पिऱ्हो मुळात चित्रकार होता, आणि फार मोठा नव्हे. एलिसच्या व्यायामशाळेत त्याने काढलेले मशालधाऱ्यांचे चित्र पुढे कितीतरी वर्षे दाखवले जाई, आणि पाहणारे ते ‘बरे आहे’ इतकेच म्हणत. गरीब होता, नाव नव्हते. मग त्याला गुरू भेटला, अब्डेराचा अ‍ॅनाक्सार्कस. हा डेमॉक्रिटसच्या परंपरेतला, म्हणजे सारे जग अणू आणि पोकळी यांचे आहे, बाकी गोड, कडू, गरम, थंड हे आपल्या मानण्यावर आहे, असे सांगणाऱ्या घराण्यातला. अलेक्झांडर पूर्वेकडे निघाला तेव्हा त्याच्या लवाजम्यात सैनिक, वैद्य, मोजणीदार, इतिहासकार होते, तसे तत्त्वज्ञही होते. अ‍ॅनाक्सार्कस त्यांत होता आणि त्याच्याबरोबर त्याचा हा शिष्य.

दरबारी तत्त्वज्ञ म्हणजे काय चीज असते, हे पिऱ्होने जवळून पाहिले. इ. स. पूर्व ३२८ मध्ये समरकंदला एका दारूच्या बैठकीत अलेक्झांडरने आपला जुना सरदार क्लायटस याला भाल्याने मारले. याच क्लायटसने एका लढाईत त्याचा जीव वाचवला होता. शुद्धीवर आल्यावर राजा अन्नपाणी सोडून पडून राहिला. तेव्हा अ‍ॅनाक्सार्कस पुढे झाला आणि त्याने समजूत घातली ती अशी: देवांचा राजा झ्यूस याच्या शेजारी न्यायदेवता बसवलेली असते ती उगीच नव्हे, राजा जे करील ते न्याय्यच असते. हे अरायन या इतिहासकाराने नोंदवले आहे, आणि अशा बोलण्याने राजाचे नुकसानच झाले, असे मतही दिले आहे. पुढे लोकांनी राजापुढे पर्शियन रीतीने लोटांगण घालावे की नाही, यावर दरबारात वाद झाला, तेव्हाही अ‍ॅनाक्सार्कस लोटांगणाच्याच बाजूचा होता. हा माणूस भित्रा मात्र नव्हता. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर सायप्रसच्या एका राजाने त्याला उखळात घालून कुटून मारले, आणि मरतानाही तो राजाला खिजवत राहिला, असे सांगतात. माणसे अशीच असतात. मरताना वाघ, दरबारात मांजर.

इ. स. पूर्व ३२६ मध्ये हा सारा लवाजमा तक्षशिलेला पोचला. तिथले नग्न साधू पाहून ग्रीक थक्क झाले. ओनेसिक्रिटस नावाच्या आपल्या माणसाला अलेक्झांडरने त्यांच्याकडे पाठवले. नगराबाहेर उघड्यावर पंधरा जण होते. कोणी उभा, कोणी बसलेला, कोणी आडवा पडलेला, सारे उन्हात दिवसभर न हलता. त्यांतला एक कलनोस पुढे सैन्याबरोबर गेला आणि पर्शियात आजारी पडल्यावर त्याने सर्वांसमक्ष स्वतःची चिता पेटवून घेतली. दुसरा, वयाने वडील, दंदमिस किंवा मंदनिस, हा गेला नाही. त्याने ओनेसिक्रिटसला जे सांगितले ते मला फार महत्त्वाचे वाटते. तुमच्या-माझ्यात तीन दुभाषे आहेत, त्यांना शब्दापलीकडे काही कळत नाही, आणि त्यांच्यामार्फत मी तत्त्वज्ञान सांगणे म्हणजे चिखलातून स्वच्छ पाणी वाहील अशी आशा धरणे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने हे जपून ठेवले आहे. भारत आणि ग्रीस यांच्या सुरुवातीच्या तत्त्वचर्चेवर त्याच जागी, त्याच दिवशी केलेली ही टीका आहे. तिच्याइतकी समंजस टीका नंतरच्या तेवीसशे वर्षांत फारशी झालेली नाही.

पिऱ्हो त्या पंधरा जणांसमोर उभा होता की नाही, याचा उल्लेख नाही. त्याच्याविषयी दोन गोष्टी मात्र लिहून ठेवलेल्या आहेत. डायोजिनीस लेअर्शियस हा पिऱ्होनंतर पाचशे वर्षांनी तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणारा. त्याच्या हाताशी कॅरिस्टसच्या अँटिगोनसचे लेखन होते. हा अँटिगोनस मात्र पिऱ्होनंतरच्या लगतच्या पिढीतला. गुरुजींच्या प्रश्नाला इथे थोडे समाधानकारक उत्तर मिळते. पहिली गोष्ट अशी, की पिऱ्हो भारतातल्या नग्न साधूंना आणि पर्शियातल्या मगी पुरोहितांना भेटला. दुसरी अशी, की एका भारतीयाने अ‍ॅनाक्सार्कसला टोमणा मारलेला त्याने ऐकला. ‘तू स्वतः राजाच्या वाड्यात हुजरेगिरी करतोस, दुसऱ्याला चांगले म्हणजे काय ते कसे शिकवणार?’ असा त्या टोमण्याचा अर्थ. ते ऐकून पिऱ्हो माणसांच्या गर्दीपासून दूर राहू लागला, एकांतात राहू लागला.

माझ्या आजच्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. पिऱ्होने भारतातून कोणते तत्त्वज्ञान नेले यावर ग्रंथ लिहिले गेले. पण जुन्या मजकुरात जो ठसठशीत पुरावा आहे तो तत्त्वज्ञानाचा नाही, वागणुकीचा आहे. अणू, शून्य, निर्वाण यांतले काही कोणी त्याला समजावल्याची नोंद नाही. एका भारतीयाने त्याच्या गुरूला जागेवर आणले, एवढी नोंद आहे. आणि हा धडा तीन काय, तीस दुभाष्यांतूनही न गढुळता पोचतो. समरकंदचा तो प्रसंग ज्याने पाहिला असेल त्याला तो टोमणा लागायला व्याकरण कशाला लागते?

(एक कबुली द्यायला हवी, पिऱ्होच्या वतीने. अलेक्झांडरवर कविता करून त्याने स्वतः दहा हजार सुवर्णनाणी मिळवली होती, असे त्याच्याच परंपरेतला, फार पुढच्या काळातला सेक्स्टस एम्पिरिकस सांगतो. तेव्हा त्या टोमण्याचा अर्धा वाटा शिष्याचाही असणार.)

पिऱ्हो घरी परतला. फिलिस्टा नावाची त्याची बहीण सुईण होती, तिच्याबरोबर तो राहू लागला. अलेक्झांडरबरोबर पंजाबपर्यंत गेलेला हा माणूस कोंबड्या आणि डुकराची पिले बाजारात नेऊन विकत असे, घर झाडत असे, एकदा तर डुकराला आंघोळ घालतानाही लोकांनी त्याला पाहिले. त्या काळच्या ग्रीक गृहस्थाने, तेही तत्त्वज्ञ म्हणवणाऱ्याने, हे करणे म्हणजे गावाला चघळायला विषयच. पण गावाने त्याला हसून सोडले नाही. एलिसने त्याला आपला मुख्य पुरोहित केले आणि त्याच्या मानाखातर गावातल्या सर्व तत्त्वज्ञांना करमाफी दिली. पुढे चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. चारशेहून अधिक वर्षांनंतर तिकडे गेलेल्या पॉसेनियस या प्रवाशाने तो पाहिला होता. आपल्या नगरपरिषदेने प्राध्यापकांना घरपट्टी माफ करावी असे मी सुचवत नाही. सुचवले तरी मंजूर व्हायचे नाही.

त्याने स्वतः काही लिहिले नाही, त्या एका कवितेखेरीज. त्याचा विचार आपल्यापर्यंत कसा आला ते पाहा. त्याचा शिष्य टायमन याने लिहिले, ते लेखन नष्ट झाले. टायमनचा सारांश अ‍ॅरिस्टोक्लीस नावाच्या विरोधकाने दिला, तोही मूळ ग्रंथ नष्ट झाला. अ‍ॅरिस्टोक्लीसचा उतारा चौथ्या शतकातल्या युसेबियस या ख्रिस्ती बिशपने आपल्या ग्रंथात घेतला, तो राहिला. म्हणजे शिष्य, विरोधक आणि परधर्मीय, एवढ्या हातांतून फिरलेली ही वस्तू आहे. तरी ती इतकी नेटकी आहे की तिच्यामागे एक खरे डोके असावे, असे वाटते.

पिऱ्हो म्हणे: सुखी व्हायचे असेल त्याने तीन गोष्टी पाहाव्यात. वस्तू मुळात कशा आहेत, आपण त्यांच्याकडे कोणत्या वृत्तीने पाहावे, आणि तसे पाहिल्याने काय साधेल. पहिल्याचे उत्तर: वस्तूंमध्ये असा काही पक्का भेद हाती लागत नाही, त्या मापता येत नाहीत, त्यांचा निवाडा करता येत नाही. म्हणून आपल्या इंद्रियांना आणि मतांना खरेही म्हणू नये, खोटेही म्हणू नये. दुसऱ्याचे उत्तर: मताशिवाय, कुठेही न झुकता, न डळमळता राहावे, आणि प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणावे की ती नाही यापेक्षा ‘आहे’ असे म्हणायला जास्त आधार नाही, किंवा ती आहेही आणि नाहीही, किंवा ती आहे असेही नाही आणि नाही असेही नाही. तिसऱ्याचे उत्तर: अशा माणसाच्या तोंडचे ठाम बोलणे आधी थांबते, आणि मग मन ढवळायचे थांबते.

आता ‘आहे, नाही, दोन्ही, दोन्ही नाही’ ही चौकट ऐकून इथल्या अनेकांचे कान टवकारले असतील. पाली सुत्तांत हीच चौकट भेटते. तथागत मरणानंतर असतो, नसतो, असतो आणि नसतो, असतही नाही आणि नसतही नाही, हे चार प्रश्न बुद्धाने अव्याकृत म्हणून बाजूला ठेवले. बुद्धाचा समकालीन संजय बेलट्ठिपुत्त हा तर कुठल्याच प्रश्नाला हो किंवा नाही म्हणत नसे. दीघ निकायातल्या सामञ्ञफल सुत्तात त्याची गाठ पडते, आणि सारिपुत्त व मोग्गल्लान हे आधी त्याचे शिष्य होते. जैनांचा स्याद्वाद याच प्रश्नांभोवती फिरतो. चौकट सारखी, शेवटी शांती सारखी, आणि माणूस तर प्रत्यक्ष इथे येऊन गेलेला. क्रिस्टोफर बेकविथ या अमेरिकन विद्वानाने २०१५ साली ‘ग्रीक बुद्ध’ अशा अर्थाच्या नावाचा एक ग्रंथ लिहून सांगितले की भेद न लागणाऱ्या, न मापता येणाऱ्या, निवाडा न होणाऱ्या ही पिऱ्होने वस्तूंना लावलेली तीन विशेषणे म्हणजे बौद्धांची अनित्य, दुःख, अनात्म ही तीन लक्षणेच आहेत.

मला हे पटत नाही. कारणे थोडक्यात सांगतो. नग्नता बुद्धाने भिक्षूंना निषिद्ध ठरवली होती. तक्षशिलेचे ते दिगंबर साधू आजीवक असतील, निर्ग्रंथ असतील, ब्राह्मण तपस्वी असतील. बौद्ध भिक्षूंशी ते वर्णन जुळत नाही. चितेवर चढणारा कलनोसही बौद्ध आचारात बसत नाही. दुसरे, ती चौकट पिऱ्होला ग्रीसमध्येही सापडण्यासारखी होती. डेमॉक्रिटसचे शिष्य इंद्रियांवर अविश्वास ठेवत, आणि ‘हे यापेक्षा ते जास्त खरे नाही’ ही बोलण्याची तऱ्हा ग्रीक वादपद्धतीत आधीपासून होती. तिसरे कारण ते चिखलाचे पाणी. भाव, अभाव आणि उभय यांचा इतका बारीक तर्क काही महिन्यांत तीन दुभाष्यांतून पोचावा? रिचर्ड बेट यांच्यासारखे पिऱ्होचे अभ्यासक भारतीय प्रभावाबद्दल सावध राहतात, ते याचमुळे. पिऱ्होने भारतातून काहीच घेतले नाही असे मी म्हणत नाही. तेही सिद्ध होत नाही. तिथे मी निवाडा राखून ठेवतो, आणि मला वाटते पिऱ्होला हेच आवडले असते.

निवाडा राखून ठेवणे म्हणजे हातपाय गाळून बसणे, असा समज त्याच्या काळीही होता. त्याच्याबद्दल कथा रचल्या गेल्या: गाडी अंगावर आली तरी हलायचा नाही, कड्याच्या टोकाशी गेला तरी थांबायचा नाही, मित्रांना त्याला ओढून बाजूला करावे लागे. अँटिगोनसने हे सांगितले आहे. पण नंतरच्या शिष्यपरंपरेतल्या एनेसिडीमसने ते खोडून काढले: विचारात तो निवाडा राखत असे, रोजच्या वागण्यात बेफिकीर नव्हता. जो माणूस गाड्या आणि कडे न पाहता चालतो तो नव्वद वर्षे जगत नाही. एकदा कुत्रा अंगावर आला तेव्हा तो दचकला. लोकांनी टोकले, तर म्हणाला की माणूसपण पुरते उतरवून ठेवणे अवघड आहे. मला सगळ्या कथांत ही सर्वांत खरी वाटते. आपला मोठेपणा वाढवायला कोणी अशी कथा रचत नाही.

सुमारे चार-पाचशे वर्षांनी सेक्स्टस एम्पिरिकस या वैद्याने हे शास्त्र नीट बांधले. मध गोड लागतो हे मी मान्य करतो, तो म्हणतो. मध मुळात गोड आहे की नाही याबद्दल बोलणार नाही. मग जगायचे कसे? त्याने चार आधार दिले: निसर्गाने दिलेली इंद्रिये आणि बुद्धी, भूक-तहान यांसारखी निकड, आपापले शिकलेले कसब, आणि आपल्या समाजाचे कायदे व चालीरीती. देव आहेत की नाहीत यावर मत न देताही देवळात जाता येते, कारण रीत आहे. पिऱ्हो एलिसचा मुख्य पुरोहित कसा झाला, याचे कोडे इथे सुटते. १५६२ साली सेक्स्टसचा ग्रंथ लॅटिनमध्ये छापला गेला आणि युरोपात खळबळ उडाली. फ्रेंच निबंधकार माँतेनने त्यातली वचने आपल्या अभ्यासिकेच्या तुळयांवर रंगवून घेतली. ती कथा मोठी आहे, आजची नव्हे.

आता पवनीकडे वळतो. तक्षशिला इथून सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. अलेक्झांडरचे सैन्य बियास नदीवरून मागे फिरले, वैनगंगेचे नावही त्यांच्या कानावर गेले नसेल. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा त्यावरचा अहवाल १९७२ मध्ये आला. जगन्नाथ टेकडीचा स्तूप मौर्य काळाइतका किंवा त्याहूनही जुना असावा असे त्यांचे मत होते. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली निघाली. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प निघाले, नावासकट. त्या लेखांत नाग नावाच्या एकाचा उल्लेख आहे, आणि त्याच्या नावापुढे तो पाच निकाय, म्हणजे बुद्धवचनांचे पाच संग्रह, जाणणारा असल्याचे म्हटले आहे. विशमिता नावाच्या बाईचे दान आहे, आणि ते सर्व प्राण्यांच्या सुखासाठी असो, अशी इच्छा शेवटी आहे.

पवनीला परदेशी माणसांचे वावडे नव्हते. इथेच सापडलेल्या एका स्मारकस्तंभावर रुपिअम्म या महाक्षत्रप कुमाराचे नाव आहे, म्हणजे वायव्येकडून आलेल्या राज्यकर्त्यांची पदवी वैनगंगेच्या काठी कोरली गेली. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला कार्ले, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावे आहेत. नाशिकचे एक लेणे धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या यवनाने कोरवून घेतले. अशोकाच्या काळात अपरान्तात, म्हणजे कोकणच्या बाजूला, धम्म सांगायला जो भिक्षू पाठवला गेला त्याचे नाव महावंसात यवन धम्मरक्खित असे दिले आहे. म्हणजे ज्या देवाणघेवाणीचा पुरावा दगडावर आहे तिची दिशा आपल्या भाषणांतल्या दिशेपेक्षा वेगळी आहे. ग्रीक इथे येऊन श्रोते झाले, उपासक झाले, एक तर शिक्षकही झाला. हे मला ‘आम्ही ग्रीकांना शिकवले’ यापेक्षा रसाळ वाटते. आणि याला ‘कोणी सांगितलं’ विचारले तर त्या शिक्षकासाठी ग्रंथ आहे, बाकीच्यांसाठी बोट ठेवायला दगड आहे.

त्या पाच निकाय जाणणाऱ्या नागाला मज्झिम निकायातली मालुंक्यपुत्ताची गोष्ट ठाऊक असणार, असे मानायला हरकत नाही. जग शाश्वत की अशाश्वत, हे सांगितल्याशिवाय मी धर्माचरण करणार नाही, असे मालुंक्यपुत्त म्हणाला. बुद्धाने त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचे उदाहरण दिले. बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कसले, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणणारा मरून जाईल. इथे पिऱ्हो आणि बुद्ध यांच्यातले साम्य दिसते: दोघेही न सुटणारे प्रश्न बाजूला ठेवतात. पण फरकही इथेच आहे. बुद्ध प्रश्न बाजूला ठेवतो तो बाण काढायला हात मोकळे व्हावेत म्हणून. पिऱ्होची अशी एक कथा आहे की अ‍ॅनाक्सार्कस चिखलाच्या खड्ड्यात पडला आणि पिऱ्हो मदत न करता पुढे निघून गेला. लोकांनी दोष दिला, आणि बाहेर आल्यावर अ‍ॅनाक्सार्कसने मात्र त्याच्या निर्विकारपणाची तारीफ केली. कथा खरी असेल नसेल. पण शिष्यांनी ती कौतुकाने जपली, यात मला त्या परंपरेची उणीव दिसते. विशमितेच्या दानलेखात सर्व प्राणी आहेत. पिऱ्होच्या शांतीत मुख्यतः पिऱ्हो आहे.

याहून मोठी अडचण सेक्स्टसच्या चौथ्या आधाराची आहे, चालीरीतींची. मत द्यायचे नाही, पण गावची रीत पाळायची. एलिसमध्ये, स्वतंत्र नागरिक असलेल्या पुरुषाला, हे सोपे होते. रीत त्याच्या सोयीची होती. तिथल्या गुलामाला विचारले असते तर? आणि आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात, साठ-सत्तर वर्षांपूर्वी, ज्याची विहीर वेगळी, वस्ती वेगळी, मसणवटा वेगळा, त्याला ‘निवाडा राखून ठेव आणि रीत पाळ’ असे सांगितले असते तर? रीत निर्णय न घेताच घेतलेला निर्णय असते. तो आधी कोणीतरी घेतलेला असतो आणि आपण तो राखून ठेवत नाही, आपण तो चालवत असतो. हे पिऱ्होच्या लक्षात आले नाही, आणि सेक्स्टसच्याही.

बाबासाहेब आंबेडकरांनी हे कुठल्याही ग्रीकाच्या मदतीशिवाय ओळखले होते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती रीतीवर निवाडा देण्यासाठीच. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळ सोडले, तोही एका अर्थाने दरबार सोडणेच होते. पण पिऱ्हो दरबार सोडून एकांतात गेला, आणि बाबासाहेब मतदारांकडे आले. मे १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी याच भंडारा मतदारसंघातून लढवली, आणि ते हरले. हे इथे सांगताना संकोच वाटायला नको, ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

मात्र बाबासाहेबांना ‘निवाडा देणारे’ म्हणून पिऱ्होच्या समोर उभे करून मी मोकळा होऊ शकत नाही. संशयवादी परंपरा स्वतःला शोधणाऱ्यांची परंपरा म्हणवत असे. सापडले म्हणणारे एका बाजूला, सापडणारच नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि अजून शोधतो आहोत म्हणणारे हे, अशी सेक्स्टसच्या ग्रंथाची सुरुवातच आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. पण कोणता धर्म घेणार हे त्या दिवशी सांगितले नाही. वेगवेगळ्या धर्मांची माणसे त्यांच्याकडे आली, निरोप आले, आमंत्रणे आली. ते वाचत राहिले, तपासत राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा मध्ये एकवीस वर्षे आणि एक दिवस गेला होता. निघण्याचा निर्णय पहिल्याच दिवशी झाला होता, पोचण्याचा राखून ठेवला होता. भंडाऱ्याची ती निवडणूक या दोन तारखांच्या मध्ये येते, शेवटाच्या अगदी जवळ.